आईच्या खोलीतला श्वास

१

दाखल्यावर मृत्यूचं कारण कुणी हाताने लिहिलंच नव्हतं. तिथे शिक्का मारलेला होता.

साथीचं पहिलं वर्ष संपत आलं होतं आणि लस अजून यायची होती. मृत्यूनोंदणीच्या कार्यालयात खिडकीजवळच्या टेबलावर एक निवृत्त डॉक्टरीण बसत असे. पस्तीस वर्षं तिने लोकांच्या छात्या ऐकल्या होत्या. साथ आली तेव्हा तिला परत बोलावलं, पण वयामुळे वॉर्डात जाऊ दिलं नाही. गेलेल्या माणसांचे कागद वाचायचे आणि लिहिलेलं कारण त्यांच्याशी जुळतं का ते बघायचं, एवढंच तिचं काम. छातीचा फोटो आला की ती तो खिडकीच्या काचेवर धरायची आणि भिंग लावून बघायची. त्यामुळे कार्यालयात तिला भिंगबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि पुढेपुढे तीही त्या नावाला ओ देऊ लागली.

जांभळ्या शाईतला तो शिक्का तिने शेकडो वेळा पाहिला होता. 'साथीचा आजार.' एका फॅमिली डॉक्टरने तो बनवून घेतला होता, कारण दिवसाला वीस-वीस दाखले लिहून त्याचा हात भरून येई. त्यात बेकायदा असं काही नव्हतं. पण आज हा दाखला घेऊन समोर बसलेली बाई स्वतः परिचारिका होती. अंगावर रुग्णालयाचा गणवेश, हात मांडीवर, आणि नजर दाखल्यावर नाही तर भिंगबाईंवर.

"माझ्या सासूबाईंना जाऊन पाच आठवडे झाले," ती म्हणाली. "घरात सगळे म्हणतात, आजार मी आणला. मला दिलासा नकोय, बाई. मी आणला असेल तर तसंच सांगा."

मग तिने सगळं सांगितलं. तिची नेमणूक साथीच्या वॉर्डात झाली. ती बाहेरच्या गॅलरीत कपडे बदलायची, आंघोळ करूनच घरात पाऊल टाकायची, ताट वेगळं, अंथरूण वेगळं. तरी नेमणुकीनंतर तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंना खोकला सुरू झाला. हिशोब सोपा होता आणि तो घरातल्या प्रत्येकाने केला. नणंद तोंडावर बोलली. सासरे गप्प राहिले. नवराही गप्प राहिला, आणि ते गप्प राहणं तिने कपड्यांबरोबर बॅगेत भरलं आणि ती परिचारिकांच्या वसतिगृहात राहायला गेली.

भिंगबाईंनी विचारलं, तुला स्वतःला कधी आजार झाला का? नाही. दर आठवड्याला तपासणी होते, एकदाही निघाला नाही. गेल्या महिन्यात वॉर्डातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं होतं, नकळत कुणाला होऊन गेलाय का ते बघायला. तिच्या रक्तात त्याची खूण नव्हती.

भिंगबाईंनी सासूबाईंचे कागद चाळले. नाकातल्या स्रावाच्या तपासणीचे दोन अहवाल होते आणि दोन्हींत 'आजार नाही' असं होतं. परिचारिका म्हणाली, तपासण्या तीन झाल्या होत्या. तिसरी शेवटच्या वेळी, रुग्णालयात. त्याचा अहवाल नणंदेकडे मागितला तर ती म्हणाली, आलाच नाही.

भिंगबाईंनी प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडच्या माणसाने वही उघडून वाचून दाखवलं. अहवाल महिन्यापूर्वीच हातोहात दिला होता, खाली मुलीची सही होती. आणि तिसऱ्या अहवालातही आजार नव्हता.

२

फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात खुर्च्या भिंतीला उलट्या लावून ठेवल्या होत्या. तो काचेच्या पलीकडून बोलत होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

त्याने काही लपवलं नाही. म्हातारीला तपासलं नव्हतं, फोनवरच बोलणं झालं होतं. कोरडा खोकला, धाप, थकवा, आणि घरात साथीच्या वॉर्डात काम करणारी सून. दुसरं काय डोक्यात येणार? भिंगबाईंनी ताप विचारला. त्याने डायरी काढली, बोट खाली-खाली नेलं. प्रत्येक फोनला त्याने ताप विचारला होता आणि प्रत्येक वेळी उत्तर 'नाही' होतं. वास-चव गेली होती का? नाही. घरात आणखी कुणी आजारी? नाही.

"छाती ऐकली होतीस का एकदा तरी?"

"त्या महिन्यात मी कुणाच्याच छातीला नळी लावली नाही, बाई. घरी दोन लहान पोरं आहेत माझी."

भिंगबाई त्याला रागावल्या नाहीत. त्या वर्षी त्यांनी स्वतःही दारावरच्या भाजीला हात लावायचं सोडलं होतं. त्यांनी फक्त तारखा मागितल्या, आणि तारखांतच त्यांचं डोकं अडकलं. खोकला महिनाभर वाढत गेला आणि मग प्राणवायू कमी झाला म्हणून म्हातारी रुग्णालयात गेली. तिथे सहा दिवसांत सुधारली आणि आपल्या पायांनी जिना चढून घरी आली. बारा दिवसांनी पुन्हा बिघडली, यावेळी फार झपाट्याने, आणि तिसऱ्या दिवशी गेली.

डॉक्टर म्हणाला, साथीत असं होतं, दुसऱ्या आठवड्यात माणूस अचानक घसरतं. भिंगबाईंनी बोटांवर मोजलं. खोकला सुरू झाल्यापासून हा दुसरा नव्हे, सातवा आठवडा होता. आणि रुग्णालयातून तर ती बरी होऊन आली होती.

त्या उठल्या, तसा तो काचेला टेकून हळूच म्हणाला, "त्या घरातून काल परत फोन आला होता. आता मुलगी खोकतेय. मी तेच औषध सांगितलं."

भिंगबाई दारातच थांबल्या. सुनेने पाच आठवडे त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

३

खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि वर घर, असं ते बिऱ्हाड होतं. म्हातारीचा नवरा, ज्याला सगळा रस्ता घड्याळवाले काका म्हणे, एका डोळ्याला भिंग लावून बसला होता. समोर उघडं पडलेलं मनगटी घड्याळ. भिंतीवरची सगळी घड्याळं एकच वेळ दाखवत होती. एकही मिनिटभर पुढेमागे नव्हतं.

काका बायकोबद्दल भरभरून बोलले. ती रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्यांशी भांडायची. एखादा शब्द चुकीचा उच्चारला की इथून ओरडून सुधारायची, जणू त्याला ऐकूच जाणार. थंडीत तिचा घसा कोरडा पडायचा, तेवढं एक दुखणं. बाकी ठणठणीत. मग त्यांनी सुनेची चौकशी केली. जेवते ना वेळेवर? वसतिगृहात पंखा आहे ना? भिंगबाईंनी विचारलं, तुम्ही तिला दोष देता का? काका म्हणाले, कधीच नाही. मग हे तिला सांगितलंत का? काकांनी चिमट्याने एक बारीक स्क्रू उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

मुलगा आतल्या टेबलाशी कामाचे नकाशे पसरून बसला होता. जमीनमोजणीच्या कचेरीत होता तो. काही विचारलं की 'मी काय बोलणार' म्हणायचा. तीन प्रश्नांना त्याने तेच उत्तर दिलं आणि चौथ्याला मान खाली घातली.

भिंगबाई नाकातोंडावर दुहेरी मास्क बांधून वर गेल्या. मुलीचं वय चाळिशीपलीकडचं, शाळेत शिक्षिका, पण घरात तिला अजून बेबीच म्हणत. आई गेल्यावर आठवड्याने ती बैठकीतलं अंथरूण उचलून आईच्या खोलीत राहायला गेली होती. शाळेचे वर्गही तिथूनच, लॅपटॉपवर घेत होती. दार तिने वीतभरच उघडलं. एक वाक्य बोलायला तिला दोनदा थांबावं लागत होतं.

तिसऱ्या अहवालाचं विचारलं तेव्हा तिने आढेवेढे घेतले नाहीत. कपाटात, आईच्या साड्यांखाली ठेवला होता. आई गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी आला.

"तो दाखवला असता तर वहिनी सुटली असती," बेबी म्हणाली. "मग मी कुणावर चिडायचं?"

खोकल्याची उबळ आली. ती चौकटीला धरून वाकली. उबळ ओसरल्यावर तिने दार जरा लोटून घेतलं आणि वेगळ्याच आवाजात सांगितलं, की ही खोली सोडून ती कुठेही जाणार नाही. दुपारी वर्ग संपला की ती आईच्या पलंगावर पडते, आणि तेव्हा आईचा श्वास ऐकू येतो. लांब, एकसारखा. मध्येच घशात घुरघुरल्यासारखं होतं, मग परत सुरू.

भिंगबाईंनी पस्तीस वर्षं श्वासच ऐकले होते. त्या कान देऊन उभ्या राहिल्या. खाली घड्याळांची टिकटिक चालू होती. बेबीचा श्वास तुटक आणि भरभर चालला होता. आणि त्या दोन्हींच्या मागे, बंद खोलीच्या आतून, तिसरं कुणीतरी शांतपणे श्वास सोडत होतं.

४

"मला माहितेय ते मशीन आहे," बेबी म्हणाली. "वेडी नाहीये मी. पण शेवटी-शेवटी आई त्याच लयीत श्वास घ्यायची. बंद करवत नाही."

भिंगबाई आत गेल्या. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावलेली होती. साथ सुरू झाली तेव्हा लावली ती तशीच. पडद्याआड स्टुलावर एक पांढरं मशीन होतं, हवेत ओलावा सोडणारं. त्याच्या तोंडातून धुक्याची बारीक शेंडी वर जात होती आणि पलंगाच्या उशाशी विरत होती. मुलाने दोन वर्षांपूर्वी आईच्या घशासाठी आणलं होतं. टाकीत बुडबुडा वर आला की घुरघुर व्हायची.

दोन वर्षांपूर्वी. म्हणजे मशीन होतं तेव्हाही म्हातारी ठणठणीत होती. भिंगबाईंनी ते मनात बाजूला ठेवलं आणि खोली बघत राहिल्या.

पलंगाजवळ म्हातारीचा चष्मा होता. ती गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. काचांवर पांढरट साय धरली होती. धूळ असती तर ती फुंकरीने उडाली असती, ही जागची हलली नाही. बोट फिरवलं तर बोट बुळबुळीत झालं. त्यांनी बेबीला विचारलं, तुझ्या लॅपटॉपवरही असं बसतं का? बेबी म्हणाली, रोज सकाळी पुसते, नाहीतर मुलांचे चेहरे धुरकट दिसतात. आरशावर बसतं, कपाटावर बसतं. या खोलीतच, बैठकीत नाही.

भिंगबाईंनी दारात मागे जाऊन मास्क क्षणभर खाली केला. खोलीत एक गोडसर वास होता, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा असतो तसा. फरशी तर कोरडी होती, कोपऱ्यात केसांचे पुंजके होते.

"यात पाणी कोण भरतं?"

"बाबा. ते बैठकीत झोपतात, पण आई होती तेव्हापासून पाणी तेच भरतात. रोज सकाळी."

भिंगबाईंनी मशीनचं बटण बंद केलं, टाकी काढून झाकण घट्ट लावलं आणि खिडकीवरची चिकटपट्टी ओढून काढली. बेबी त्यांच्या अंगावर धावून आली, पण दोन पावलांतच तिला खाली बसावं लागलं. बोटाला लावायच्या चिमट्यात प्राणवायूचा आकडा शहाऐंशी आला. तिने रुग्णालयात जायला साफ नकार दिला. आई गेली ती परत आली नाही. आणि जिथे वहिनी काम करते तिथे तर मेलं तरी जाणार नाही.

भिंगबाईंनी जिन्यात येऊन परिचारिकेला फोन लावला.

५

ती अर्ध्या तासात आली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मात्र थबकली. खालून सासरे बघत होते, नवरा दारात येऊन उभा होता. पाच आठवड्यांपूर्वी ती हाच जिना एकटी उतरली होती.

बेबीने तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघतच म्हणाली, "वहिनी, अहवाल मी लपवला. आईला तो आजार नव्हता. मला कळलं होतं."

परिचारिका पलंगाजवळ गेली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात आधीच बेबीची नाडी मोजत होते.

"ते आपण नंतर भांडू," ती म्हणाली. "आधी चप्पल घाल."

बेबीला जिना उतरवेना. तेव्हा 'मी काय बोलणार' म्हणणारा भाऊ पुढे झाला आणि एक शब्द न बोलता त्याने तिला उचललं. बायकोजवळून जाताना तो थांबला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं हे सगळ्यांना दिसलं. "नंतर," ती त्यालाही म्हणाली.

रुग्णालयात भिंगबाईंनी दोन गोष्टी मागितल्या. एक म्हणजे बेबीच्या छातीचा स्कॅन आणि दुसरी म्हणजे तिच्या आईचा. आईचा स्कॅन दुसऱ्या खेपेला काढला होता. ती तिसऱ्या दिवशी गेली आणि तबकडी पाकिटातच राहिली. पाकीट कुणी फोडलंही नव्हतं.

दोन्ही स्कॅन पडद्यावर शेजारी-शेजारी लावले. साथीच्या आजाराचे डाग बहुधा फुप्फुसाच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूला दिसतात. या दोघींची कडा स्वच्छ होती. डाग होते ते आतल्या बारीक श्वासनळ्यांच्या टोकांभोवती, कुणी पिचकारीने शिंतोडे उडवावेत तसे, सगळीकडे सारखे. आईचे दाट, मुलीचे विरळ. पण मांडणी एकच.

तरुण डॉक्टर म्हणाला, दोघींना साथच असेल, घर एक आहे. भिंगबाई म्हणाल्या, नुसत्या चित्रावरून त्याही पैज लावणार नाहीत. पण घर एक आहे असं म्हणू नकोस, खोली एक आहे असं म्हण. मग त्यांनी बेबीवरच्या उपचारांबद्दल त्याला दोन गोष्टी सुचवल्या, टाकीतलं पाणी आणि चष्मा तपासणीला पाठवला, आणि त्या एकट्याच दुकानाकडे निघाल्या. पुढचा प्रश्न एका माणसालाच विचारता येणार होता, आणि तो विचारू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं.

६

काका दुकानात तसेच बसले होते. समोरचं घड्याळ अजून उघडंच होतं.

भिंगबाई स्टूल ओढून बसल्या आणि एकेक गोष्ट सांगत गेल्या. तीन तपासण्यांत आजार सापडला नाही. ताप एकदाही आला नाही. तिची सेवा करणाऱ्या कुणालाही लागण झाली नाही. सुनेच्या रक्तात त्या आजाराची खूणही नाही, म्हणजे तिने तो आणणं शक्यच नव्हतं. रुग्णालयात सहा दिवस राहिली तर बरी झाली, आणि घरी आली तशी बिघडली. मग सून घराबाहेर असताना मुलगी त्याच खोलीत राहायला गेली आणि तीही खोकू लागली. म्हणजे आजार माणसाकडून माणसाकडे जात नव्हता. तो खोलीत बसून होता आणि जो आत श्वास घेईल त्याला धरत होता. खोलीतल्या प्रत्येक काचेवर जे साचत होतं तेच छातीतही साचत होतं. हे त्या मशीनच्या धुक्यातून येत होतं यात त्यांना शंका नव्हती. पण दोन वर्षं त्याच मशीनने कुणाला काही झालं नाही. म्हणजे बदललं ते पाणी.

"काका, त्या पाण्यात तुम्ही काय घालता?"

काकांनी विचार करायला वेळ घेतला नाही. त्यांनी खालचा खण उघडला आणि एक बाटली काढली. जंतुनाशक, फरशी आणि भांडी पुसायचं. लेबलावर हसरं कुटुंब होतं आणि खाली 'घरातल्या सर्वांसाठी सुरक्षित' असं छापलेलं होतं. बाटलीशेजारी त्यांनी काचेचा ड्रॉपर ठेवला. घड्याळात तेल सोडायचा.

"दहा थेंब," ते म्हणाले. "मोजून. फरशीवरचे जंतू मरतात तर हवेतलेही मरतील, असं वाटलं. सून वॉर्डात जायला लागली त्या सकाळपासून रोज घालतोय, आता बेबीसाठीही. तिला कळू दिलं नाही. उगाच तिच्या मनाला लागलं असतं, की सासरा आपल्याला घाबरतो."

भिंगबाईंनी मान हलवली. घरातल्यांना दिसली होती ती सुनेची नेमणूक आणि तिच्या मागोमाग आलेला खोकला. त्याच सकाळी सुरू झालेली तिसरी गोष्ट कुणाला दिसली नव्हती. तारखा खऱ्या होत्या, फक्त अर्थ चुकला होता.

"फरशीवर ते चालतं," त्या म्हणाल्या. "पण हे मशीन पाण्याचे इतके बारीक कण करतं की ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. पाण्यात जे असेल ते सगळं घेऊन."

काका ड्रॉपरकडे बघत होते. "ती रुग्णालयातून आली तेव्हा फार अशक्त होती," ते सावकाश म्हणाले. "म्हणून मी वीस केले."

भिंगबाईंनी बाटली आपल्याकडे ओढून घेतली.

"म्हणजे मी."

पस्तीस वर्षांत त्यांनी पुष्कळांना पुष्कळ सांगितलं होतं. खोटं बोलून हा माणूस शांत झाला नसता, त्याला मोजायची सवय होती. "हो," त्या म्हणाल्या. "त्या थेंबांनी. पण ती सहा दिवसांत बरी झाली तेव्हा आम्हा डॉक्टरांपैकी एकाने तरी विचारायला हवं होतं, की हिच्या घरात असं काय आहे जे इथे नाही. एवढा एक प्रश्न. तो कुणी विचारला नाही. साथ सोडून दुसरं काही असू शकतं हेच आम्ही विसरलो होतो."

काकांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि टेबलाच्या काचेवर उलटं ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "बेबीला काय सांगायचं?"

७

प्रयोगशाळेचा अहवाल आठवड्याने आला. पाण्यात आणि चष्म्यावर एकच रसायन होतं, बाटलीतलंच. तोवर बेबीचा प्राणवायू सावरू लागला होता, पण ती आईसारखी सहा दिवसांत उठली नाही. तीन आठवड्यांनी घरी आली. फुप्फुस पूर्वीसारखं होणार नव्हतं. अर्धा जिना ती चढायची, मग थांबायची. बाबांनी रुग्णालयातच तिला स्वतः सगळं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाबांच्या हाताला धरून रुग्णालयाच्या फाटकापर्यंत चालत गेली.

भिंगबाईंनी दाखल्यावरचं कारण बदललं. नवं कारण त्यांनी हाताने लिहिलं, चार ओळींचं. त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या दवाखान्यांना पत्र पाठवलं, की तपासणीत आजार नसेल आणि माणूस घराबाहेर सुधारत असेल तर त्याची खोली बघा. फॅमिली डॉक्टर पत्र मिळाल्यावर स्वतः त्यांच्या टेबलापाशी आला, उभ्या-उभ्याच जुन्या दाखल्यांची यादी ठेवून गेला. ज्यांच्या तपासणीत आजार सापडला नव्हता अशी एकोणीस नावं होती. भिंगबाईंनी ती एकेक करून बघायला घेतली. काहींचं उत्तर कधीच मिळणार नव्हतं.

मुलगा वसतिगृहाच्या दारात तीन संध्याकाळी जाऊन उभा राहिला. पहिल्या दोन दिवशी बायको भेटली नाही. तिसऱ्या दिवशी तो तिला म्हणाला, मी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, हो, हवं होतं. मग बॅग त्याच्या हातात दिली.

घरी आल्यावर ती आधी दुकानात गेली. तिला बघताच सासरे बोलू लागले. ते पुन्हा-पुन्हा एकच सांगत होते, मारेकरी मी होतो आणि नाव तुझं झालं.

"बाबा," ती शेजारी बसत म्हणाली, "ते नाव घेऊन मी पाच आठवडे फिरलेय. ते काय असतं मला माहितेय. या घरात ते आता कुणालाच लागणार नाही."

"पण खरं आहे ते."

"खरं आहे. मी खोटं कुठे म्हणतेय?"

काका पुष्कळ दिवस दुकानात आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी बेबीकडून एक पाटी लिहून घेतली आणि काचेत लावली, की हवेत ओलावा सोडणाऱ्या मशीनमध्ये साध्या स्वच्छ पाण्याशिवाय काहीही घालू नका. खाली स्वतःचं नाव. लोक वाचून विचारायचे, तुम्हाला काय माहीत? मग काका हातातलं काम ठेवायचे आणि सांगायचे. सगळं, दहा थेंब आणि वीस थेंब. मुलाला ते बघवत नसे. एकदा त्याने म्हटलं, निदान तुमचं नाव तरी काढा पाटीवरून. काका म्हणाले, नाव नसलं तर लोक जाहिरात समजतील.

एका सकाळी एक तरुण बाई घड्याळाचा पट्टा बदलायला आली. नवऱ्याला तीन आठवडे खोकला होता म्हणून घाईत होती. डॉक्टरने साथच सांगितली होती. पट्टा बसेपर्यंत तिने पाटी वाचली आणि सहज विचारलं. काकांनी सांगायला सुरुवात केली. ती आधी मान डोलवत ऐकत होती. मग डोलवणं थांबलं. वीस थेंबांपर्यंत काका आले तेव्हा तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

तिने घड्याळ घेतलं नाही. आभार मानले नाहीत, निरोपही घेतला नाही. रस्ता ओलांडून ती आधी भरभर चालत आणि मग पळतच गेली.

काका दाराशी येऊन, ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.